सुगरणीचे घरटे आणि वर्गाची चौकट

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे ‘अमूर्त वर्ग’ आखतात. अशा वर्गातून थेट एकही वस्तू तयार होत नाही. त्याखालच्या वर्गांनी कोणती कामे केलीच पाहिजेत, एवढे तो सांगतो. ती कशी करायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ‘पक्षी’ हाही असाच वर्ग. नुसता पक्षी कुणालाच दिसत नाही. दिसतो तो कावळा, साळुंकी किंवा सुगरण. हा फरक डॉ. सलीम अली यांनी आयुष्यभर जपला.

१८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणीच पोरके झाले आणि मामांकडे वाढले. त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती वेगळी जात असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्ड यांनी सांगितले आणि मुलाला पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढे बर्लिनमध्ये शिकून ते परतले, तेव्हा संग्रहालयातील नोकरी उरली नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

तिथे १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींची वसाहत न्याहाळली. जोडी जमते, एक घरटे होते, दोघे पिल्ले वाढवतात, हा सर्वसाधारण समज तिथे टिकला नाही. नाव सुगरण, पण विणकर नर. तो घरटे अर्धवट विणतो. मादी ते पारखते. पसंत पडले तरच तो पुरे करतो आणि दुसरीसाठी नवे घरटे सुरू करतो. अंडी उबवणे मादीकडेच. वरच्या वर्गात ‘कसे’ही लिहून टाकले असते, तर सुगरण त्यात बसलीच नसती.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडताप आढळला. त्याचा विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला. मग तो स्थलांतरित पक्ष्यांनी आणला का? नात्यावरून शंका घेता येते, निष्कर्ष नाही. सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तपासल्या.

सलीम अली १९८७ मध्ये गेले. माकडताप मात्र २०१६ पासून सिंधुदुर्गातही आढळतो. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गोचीड तपासावी आणि ताप आल्यास डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.