बीडमध्ये ज्याच्या दाताची कबर आहे, त्या सुलतानाने स्वतःच्याच नावाला बट्टा कसा लावला?

बीडची बाजारपेठ घ्या नाहीतर अंबाजोगाईची, दिवाळी जवळ आली की दुकानांवर एकच फलक दिसतो. 50 टक्के सूट. यात नवीन काही नाही. पण काही दुकानांवरचा फलक दिवाळी संपली, लगीनसराई आली, पावसाळा लागला तरी उतरतच नाही. मग हळूहळू गिऱ्हाइकाला कळतं की 2,000 रुपयांचा म्हणून टांगलेला शर्ट मुळात 1,000 चाच आहे. पुढच्या वेळी ते 1,000 सुद्धा द्यायला मागेपुढे बघतं.

या सुटीला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, बट्टा. पूर्वी नाणं बदलून घेताना सराफ दर्शनी किमतीतून जेवढी रक्कम कापून घ्यायचा, तो बट्टा. आणि एखाद्याची पत गेली, अब्रू गेली की आपण काय म्हणतो? नावाला बट्टा लागला. म्हणजे सततच्या सुटीने ब्रँडचं काय होतं, हे मार्केटिंगची पुस्तकं यायच्या कितीतरी आधी मराठी माणसाच्या तोंडी होतं.

मराठवाड्यात तर बट्टा हा रोजच्या व्यवहाराचाच भाग होता. बीड निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा इथे चालायचा हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. 6 कलदार हवे असतील तर साधारण 7 हाली मोजावे लागायचे. दोन्हीही रुपयेच, पण बाजाराने प्रत्येकाची पत वेगळी ठरवलेली.

आता ज्या माणसाच्या नाण्याला इतिहासातला सगळ्यात मोठा बट्टा लागला, त्याचाही बीडशी संबंध आहे. त्याचा एक दात इथल्या मातीत आहे. हा माणूस म्हणजे मुहम्मद बिन तुघलक.

बीडजवळ कर्झणी गावच्या टेकडीवर एक जुनी घुमटाची वास्तू आहे. ती तुघलकाच्या दाताची कबर म्हणून ओळखली जाते. माणसाच्या नाही, दाताच्या. ती तिथे कशी आली ते पुढे येईलच. त्याआधी हा माणूस कोण होता ते बघू.

मुहम्मदचा जन्म साधारण 1290 च्या आसपासचा. मूळ नाव जौना खान. वडील गाझी मलिक हे सरहद्दीवर मंगोलांना थोपवून धरणारे कसलेले सरदार. 1320 मध्ये ते गियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या गादीवर बसले आणि जौना खान युवराज झाला. त्याने वारंगळच्या काकतीय राज्यावर दोनदा स्वारी केली. पहिली फसली, दुसऱ्या वेळी, 1323 मध्ये, राज्य जिंकलं. 1325 मध्ये वडिलांच्या स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप कोसळला, त्याखाली गियासुद्दीन गेले आणि मुहम्मद सुलतान झाला. मंडप कोसळला की पाडला, हा वाद आजही सुरू आहे.

एक गोष्ट मात्र त्याचे शत्रूही मान्य करायचे. दिल्लीच्या तख्तावर इतका शिकलेला माणूस क्वचितच बसला असेल. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, खगोल, वैद्यक, सगळ्यात गती. अक्षर इतकं सुंदर की सुलेखनकारांनी नावाजावं. त्यामुळे वेडा बादशहा असं म्हणून त्याला निकालात काढणं सोपं असलं तरी ते बरोबर नाही.

1327 मध्ये त्याने देवगिरीला दुसरी राजधानी केलं आणि तिचं नाव ठेवलं दौलताबाद. दिल्लीतले सरदार, उलेमा, सुफी, त्यांची कुटुंबं हजार किलोमीटरहून जास्त अंतर तुडवत महाराष्ट्रात आली. हा किस्सा सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून त्यात जास्त अडकायला नको. नाण्यांची गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे.

दिल्ली सल्तनतीत इल्तुतमिशच्या काळापासून चांदीचा टंका चालत होता. वजन साधारण 11 ग्रॅम. शंभर वर्षं राजे बदलले, घराणी बदलली, खून पडले, पण टंक्याचं वजन जवळपास तेच राहिलं. व्यापारी नाणं हातात घेऊन राजाचं नाव वाचत बसत नव्हता, त्याला वजन माहीत होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर टंका हा बाजारातला भरवशाचा ब्रँड होता.

मुहम्मदला नाण्यांचं भारी वेड. त्याची नाणी इतकी देखणी आणि इतक्या प्रकारची आहेत की पुढे एडवर्ड थॉमस या इंग्रज अभ्यासकाने त्याला नाणी पाडणाऱ्यांचा राजपुत्र म्हटलं. गादीवर आल्या आल्या त्याने सोन्याचा जड दिनार काढला, जवळपास 13 ग्रॅमचा. सोबत चांदीची अदली काढली, ती मात्र 9 ग्रॅमची. दक्षिणेतून सोनं भरपूर आलं होतं, चांदी कमी पडत होती, त्या हिशोबाने कागदावर हे बरोबरच होतं. पण लोकांना सवय होती जुन्या वजनाची. एका नाण्यात जास्त माल, दुसऱ्यात कमी, हे बाजाराच्या पचनी पडलं नाही आणि काही वर्षांत दोन्ही नाणी बंद करावी लागली.

ही झाली रंगीत तालीम. खरा प्रयोग सुरू झाला 1330 च्या सुमारास.

खजिन्यावर ताण होता. खुरासान जिंकायचं म्हणून प्रचंड फौज उभी केली होती, बक्षिसं आणि देणग्या तर सुलतान मुठी भरभरून वाटायचा. वर चांदीची टंचाई. अशात त्याच्यासमोर चीनचं उदाहरण होतं. तिथे कुबलाई खानाने कागदाच्या नोटा चालवून दाखवल्या होत्या. इराणमध्ये गैखातू नावाच्या मंगोल राजाने 1294 मध्ये त्याची नक्कल केली, तेव्हा तबरीझचा बाजार ठप्प झाला आणि साधारण दोन महिन्यांत नोटा गुंडाळाव्या लागल्या. म्हणजे यशाचं आणि अपयशाचं, दोन्ही उदाहरणं होती. मुहम्मदने हुकूम काढला की यापुढे पितळेचं आणि तांब्याचं नाणं चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालेल.

नाण्यावरचा मजकूरही बघण्यासारखा आहे. एका बाजूला हा चलनी टंका असल्याची ग्वाही. दुसऱ्या बाजूला, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो देवाची आज्ञा पाळतो अशा अर्थाचं वचन. चांदीच्या टंक्याला अशी गळ कधी घालावी लागली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यात सूट कुठे आली? दुकानात काय होतं ते आठवा. आधी दर पाडला जातो. मग तेवढ्यात परवडावं म्हणून कापड पातळ होतं, शिलाई विरळ होते. परदेशात कित्येक ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवून घेतात आणि लेबल मात्र तेच लावतात. तुघलकाने हाच प्रवास उलट्या बाजूने केला. माल आधी हलका केला आणि किमतीची चिठ्ठी तशीच ठेवली. दर पाडायचं काम मग बाजारानेच केलं.

झालं असं की पितळ आणि तांबं घरोघरी होतं. नाणी हातोड्याने पाडली जायची आणि कसबी कारागिराला नक्कल करता येणार नाही अशी कुठलीच खूण त्यावर नव्हती. झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सुलतानाच्या दरबारात 17 वर्षं होता. त्याने लिहिलंय की घराघरांत टांकसाळी सुरू झाल्या. बरनीला तिखटमीठ लावायची सवय होती हे खरं, पण त्या काळातली नकली नाणी आजही संग्राहकांच्या हाती येतात.

लोकांनी शेतसारा भरला तो पितळेने. घोडे, हत्यारं, कापड घेतलं ते पितळेने. आणि चांदी? ती गेली घरातल्या मडक्यात. सरकारच्या खजिन्यात आपलंच, किंवा आपल्यासारखं दिसणारं, पितळ परत येऊ लागलं. परगावचे व्यापारी माल विकताना पितळ घेईनात. दिल्लीपासून जितकं लांब जावं तितकं हे नाणं फक्त धातूच्या भावाने घेतलं जायचं. थोड्याच दिवसांत राजधानीतही त्याला विचारेना कुणी.

इथे बहुतेक राजांनी काय केलं असतं? हात झटकले असते किंवा खोटं नाणं पाडणाऱ्यांची मुंडकी उडवली असती. मुहम्मद शिक्षा देण्यात कुणालाही हार जाणारा नव्हता, माणसं मारण्यात त्याचा हात कधी थरथरला नाही. पण या बाबतीत त्याने वेगळंच केलं. ज्याच्याकडे पितळेचं नाणं असेल त्याने ते खजिन्यात आणावं आणि बदल्यात सोनं-चांदी घेऊन जावं, असा हुकूम निघाला. बट्टा न कापता. खरं-खोटं निवडायची सोय नव्हती, त्यामुळे नकली नाण्यांचेही पूर्ण पैसे मिळाले. एखाद्या कंपनीने डुप्लिकेट मालाचीही वॉरंटी भरून द्यावी, तसा हा प्रकार. तुघलकाबादेत पितळेचे डोंगर साचले, असं बरनी सांगतो. 1332 पर्यंत हा खेळ संपला होता.

खजिना धुऊन निघाला, पण सुलतानाने शब्द पाळला. मग नाव राहायला हवं होतं. ते का राहिलं नाही?

कारण एव्हाना लोकांना सवय लागली होती, सुलतानाच्या कुठल्याही गोष्टीतून मनातल्या मनात काहीतरी वजा करायची. दौलताबादेला नेलेल्यांना काही वर्षांनी परत जायची मुभा मिळाली. गंगा-यमुनेच्या दुआबात कर वाढवला, नेमका त्यातच दुष्काळ पडला, मग कर्ज वाटून विहिरी खणायची वेळ आली. खुरासानसाठी जमवलेली फौज निघालीच नाही. प्रत्येक हुकूम आज मोठ्या आवाजात निघायचा आणि उद्या मागे घेतला जायचा. 1333 मध्ये इब्न बतूता भारतात आला, पुढे दिल्लीचा काझी झाला. त्याने दरबारातली एक पद्धत नोंदवली आहे. सुलतानाने कुणाला देणगी जाहीर केली की त्यातून दहावा हिस्सा कापूनच रक्कम हातात पडायची. एक लाख म्हटले की 90 हजार समजायचे. सुलतानाच्या शब्दावर 10 टक्के बट्टा, तोही त्याच्याच खजिन्यात.

अमेरिकेत जेसी पेनी नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. तिथे वर्षभर कुठला ना कुठला सेल चालायचा. 2012 मध्ये नव्या प्रमुखाने ठरवलं की फुगवलेली किंमत आणि त्यावर सूट हा प्रकार बंद, आता रोज सरळ, रास्त दर. वर्षभरात विक्री 25 टक्क्यांनी घसरली. दर खरे होते, पण गिऱ्हाईक छापील किमतीवर विश्वास ठेवायचं केव्हाच विसरलं होतं. तुघलकाची चांदी खरी होती, तरी त्याचं असंच झालं.

आता दाताची गोष्ट. तमिळ मुलखात मदुराईच्या सुभेदाराने बंड केलं, म्हणून 1334-35 च्या सुमारास सुलतान स्वतः फौज घेऊन दक्षिणेला निघाला. वारंगळला साथ पसरली, सैनिक पटापट मेले, सुलतानही आजारी पडला आणि मोहीम अर्धवट टाकून दौलताबादकडे फिरला. वाटेत बीडला मुक्काम पडला. दात दुखत होता, तो इथेच पडला किंवा काढला. नंतरच्या काळातला इतिहासकार फरिश्ता सांगतो की सुलतानाने तो दात समारंभाने पुरला आणि त्यावर कबर बांधली. साथीने निम्मं सैन्य गमावलेल्या, मदुराई कायमची हातची गेलेल्या माणसाचा हा थाट.

यापुढची नाणी बघितली तर त्याच्या मनाची अवस्था कळते. 1340 च्या दशकात त्याने नाण्यांवरून स्वतःचं नाव काढून टाकलं आणि कैरोच्या खलिफाचं नाव घातलं. आपल्या नावावर बाजार उठत नाही म्हटल्यावर दुसऱ्याचा मोठा ब्रँड आणून लावावा, तसं. त्यातही नशीब असं की ज्या खलिफा अल-मुस्तकफीच्या नावाने ही नाणी पाडली, तो आधीच वारला होता. बातमी दिल्लीपर्यंत पोहोचायला वेळ लागला आणि तोवर टांकसाळीत मेलेल्या माणसाच्या नावाचे टंके पडत राहिले.

दख्खन तेव्हा सांभाळत होता कुत्लुग खान, सुलतानाचा जुना गुरू. बीडपासून देवगिरीपर्यंत त्याच्या शब्दाला किंमत होती. सुलतानाने त्याला परत बोलावलं आणि इथल्या सरदारांचा उरलासुरला भरवसाही गेला. बंड पेटलं. 1347 मध्ये दौलताबादेत बहमनी राज्याची स्थापना झाली आणि दख्खन दिल्लीच्या हातून सुटला. सुलतान एक बंड विझवायला धावायचा तोवर दुसरं पेटायचं. अशाच एका बंडखोराचा पाठलाग करत तो सिंधमध्ये ठट्ट्याजवळ पोहोचला आणि मार्च 1351 मध्ये आजारपणात तिथेच गेला.

त्याचं नाव मात्र चलनात राहिलं. गिरीश कर्नाडांनी 1964 मध्ये त्याच्यावर नाटक लिहिलं, विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं. आणि नगरपालिकेने सकाळी खोदलेला रस्ता संध्याकाळी बुजवून दुसऱ्या दिवशी परत खोदला, की बीडच्या चहाच्या टपरीवर बसलेला माणूस आजही एकच शब्द वापरतो, तुघलकी कारभार.

पितळेच्या त्या टंक्यांना आता नाणी जमवणाऱ्यांच्या जगात मागणी आहे. घेणारा वजन करतो, अक्षरांचं वळण भिंगातून तपासतो आणि हा टंका सुलतानाच्या टांकसाळीतला की कुणाच्या घरातला, याचा अंदाज बांधतो.