बिलरॉथ आणि चार महिने

जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ वाढली की खाल्लेले पुढे सरकत नाही, उलटून पडते. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात अशीच एक ४३ वर्षांची बाई डॉ. थिओडोर बिलरॉथ यांच्याकडे आली. आंबट दुधावर कशीबशी तग धरून होती.

बिलरॉथ १८२९ साली बाल्टिक समुद्रातल्या एका जर्मन बेटावर, पाद्र्याच्या घरी जन्मले. ओढ संगीताची, पण आईच्या आग्रहाने वैद्यकाकडे वळले. झुरिकमध्ये प्राध्यापक असताना केलेल्या आपल्या शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी छापला, तोही दगावलेल्या रुग्णांसह. आपल्यातले किती जण असे करतील? मी करीन का, हेही सांगवत नाही.

त्याआधी पॅरिसमध्ये पेआं आणि पोलंडात रिडिगिएर यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून पाहिला होता. दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत. बिलरॉथच्या साहाय्यकांनी मात्र कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते, की जठराला घातलेले टाके पाचकरसात टिकतात. २९ जानेवारीला त्यांनी गाठ काढली आणि उरलेले जठर लहान आतड्याला रेशमी धाग्याने शिवले. दीडेक तास लागला. बाई जेवू लागली, घरी गेली.

चारेक महिन्यांनी ती वारली. टाके उसवले नव्हते. कर्करोग आधीच पोटात पसरला होता. आमच्या वॉर्डातही उलट्या सुरू झाल्यावरच आलेल्या रुग्णांत बहुधा हेच दिसते. त्याआधी महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चाललेल्या असतात.

बिलरॉथ १८९४ मध्ये गेले. शस्त्रक्रियेच्या नोंदीत आम्ही अजूनही ‘बिलरॉथ एक’, ‘बिलरॉथ दोन’ असे लिहितो.