रॉबर्ट कॉख: पाण्याची शुद्धता आकड्यात मोजायला शिकवणारा डॉक्टर

नळाला आलेलं पाणी प्यायला चांगलं आहे, हे नेमकं कोण ठरवतं? बहुतेक गावांत जो पाणी पुरवतो तोच हे सांगतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकली, रजिस्टरमध्ये नोंद झाली, म्हणजे पाणी शुद्ध. पण ही नोंद खरी आहे का, हे त्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाने तपासायला हवं की नको?

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवसारख्या गावासाठी हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. कयाधू नदीकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. यात्रेच्या दिवशी गावाच्या पाण्यावर गावापेक्षा कितीतरी जास्त माणसं येतात आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या गावी परत जातात. पाणी खराब असेल, तर आजारही त्यांच्याबरोबर गावोगाव जातो. जुन्या काळी पंढरीच्या वाटेवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरायची ती अशीच.

पाण्यात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजून दाखवायचं तंत्र ज्या माणसाने दिलं आणि ते वापरून एका अख्ख्या शहराच्या कारभाराची चूक उघडी केली, त्या रॉबर्ट कॉख यांची ही गोष्ट.

खेड्यातला डॉक्टर

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावात झाला. वडील खाण खात्यात होते. ग्योटिंगेन विद्यापीठातून १८६६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी काही काळ हॅम्बर्गच्या मोठ्या रुग्णालयात काम केलं. तेव्हा तिथे कॉलऱ्याची साथ होती. हे शहर त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार होतं.

पुढे १८७२ पासून ते वोलस्टाइन या छोट्या गावात सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात घरातच सूक्ष्मदर्शक लावून बसायचे. जनावरांना होणारा अँथ्रॅक्स हा रोग एका ठरावीक जंतूमुळे होतो, हे त्यांनी १८७६ मध्ये तिथूनच सिद्ध केलं. त्यानंतर १८८० मध्ये त्यांना बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात बोलावणं आलं. क्षयाचा जंतू सापडल्याचं त्यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं आणि त्यांचं नाव जगभर झालं.

जंतू मोजायचे कसे?

आपल्या विषयासाठी मात्र त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. त्याआधी जंतू पातळ रश्शात वाढवत. त्यात सगळे जंतू एकमेकांत मिसळायचे. कोणते किती, काही कळायचं नाही.

कॉख यांनी १८८१ मध्ये घट्ट थराची पद्धत पुढे आणली. काचेवर जिलेटिनचा थर द्यायचा आणि त्यात नमुन्याचा थेंब मिसळायचा. घट्ट थरात जंतूला हलता येत नाही. तो आहे तिथेच वाढतो आणि दोन-तीन दिवसांत त्या जागी डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. एक ठिपका म्हणजे सुरुवातीला तिथे असलेला साधारण एक जंतू. ठिपके मोजले की एक मिलिलीटर पाण्यात किती जंतू होते, हे कळतं.

उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं. त्यावरचा उपाय फॅनी हेसे यांनी सुचवला. त्या घरी जेली करताना आगर वापरायच्या. हे आगर आणि कॉख यांचे सहकारी पेट्री यांची १८८७ ची झाकणाची काचेची थाळी आजही प्रत्येक पाणी प्रयोगशाळेत असते.

यात महत्त्वाचं काय, तर मोजणारा कुणीही असो, पद्धत तीच असेल तर आकडा साधारण तोच यायला हवा. म्हणजे एकाचा दावा दुसऱ्याला तपासता येऊ लागला.

कोलकात्याचा तलाव

इजिप्तमध्ये १८८३ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा कॉख तिथे गेले आणि तिथून डिसेंबरमध्ये कोलकात्याला आले. इथे त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवता आला. मग फेब्रुवारी १८८४ मध्ये तो एका वस्तीच्या तलावात सापडला. लोक त्याच तलावात अंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पहिल्या रुग्णाचे कपडेही तिथेच धुतले होते. साथ ओसरली तसे तलावातले जंतूही कमी झाले.

भारतातल्या इंग्रज सरकारला हे पटणं अडचणीचं होतं. रोग पाण्यातून आणि माणसांबरोबर पसरतो असं मान्य केलं, तर भारतातून जाणाऱ्या जहाजांना बंदरांत अडवून ठेवायची मागणी होणार आणि सुएझमार्गे चालणारा व्यापार रखडणार. सरकारने क्लाइन आणि गिब्स या दोन शास्त्रज्ञांना तपासणीसाठी कोलकात्याला पाठवलं. तलावात तसाच जंतू आहे, पण ते पाणी पिणारे बरेच लोक ठणठणीत आहेत, म्हणून कॉख यांचा निष्कर्ष मान्य करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. लंडनच्या डॉक्टरांच्या समितीने १८८५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

क्लाइन यांची शंका खोटी नव्हती. जंतू पोटात गेलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरंच आहे. पण ज्या सरकारला एक ठरावीक उत्तर सोयीचं होतं, त्यानेच तपासणारे नेमले आणि त्यानेच निकाल स्वीकारला. तपासणी झाली खरी, पण तिला स्वतंत्र म्हणणं अवघड आहे.

हॅम्बर्ग, १८९२

ऑगस्ट १८९२ मध्ये हॅम्बर्गमध्ये कॉलरा फुटला. हे श्रीमंत बंदर जर्मन साम्राज्यात असलं तरी स्वतःचा कारभार स्वतः पाहायचं. शहराला एल्ब नदीचं पाणी मिळायचं, तेही न गाळता, फक्त टाक्यांत गाळ बसवून. वाळूच्या गाळण्या बांधायचा विषय अनेक वर्षं चर्चेत होता. खर्च कुणी करायचा यावर तो अडकला. शिवाय शहरातल्या अनेक डॉक्टरांचा म्युनिकचे नामवंत तज्ज्ञ पेटेनकोफर यांच्यावर विश्वास होता. कॉलऱ्याचं मूळ जमिनीत आहे, पाणी हे मुख्य कारण नाही, असं पेटेनकोफर मानत. त्यामुळे निर्णय लांबवायला शास्त्राचा आधारही मिळाला. साथ सुरू झाल्यावर ती जाहीर करायलाही शहराने वेळ लावला.

बर्लिनने कॉख यांना पाठवलं. ते शहराचे नोकर नव्हते, शहराच्या निर्णयाशी त्यांचा संबंध नव्हता. शेजारचं आल्टोना गाव त्यांच्या नजरेत भरलं. ते नदीच्या खालच्या अंगाला होतं, म्हणजे हॅम्बर्गची सगळी घाण मिसळलेलं पाणी ते घ्यायचं. पण ते वाळूतून गाळून घ्यायचं. दोन्ही गावांची हद्द काही ठिकाणी एकाच रस्त्यावरून जायची. हवा तीच, जमीन तीच, माणसं तशीच. कॉलरा मात्र हद्दीपाशी थांबत होता. हद्दीजवळच्या एका वाड्यात शेकडो माणसं राहायची. वाडा हॅम्बर्गचा, पण पाणी आल्टोनाचं. तिथे कुणी आजारी पडलं नाही. काही महिन्यांत हॅम्बर्गमध्ये सुमारे १७,००० लोक आजारी पडले आणि ८,६०० हून जास्त दगावले.

पेटेनकोफर यांनी ऑक्टोबरमध्ये या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. त्यांचं पोट थोडं बिघडलं, इतकंच. पण एका माणसाच्या धाडसापेक्षा हद्दीवरच्या त्या रस्त्याचा पुरावा मोठा होता. हॅम्बर्गच्या गाळण्या मे १८९३ मध्ये घाईने सुरू झाल्या.

गाळणी आहे, पण चालते का?

गोष्ट इथे संपत नाही. १८९३ च्या सुरुवातीला आल्टोनातही कॉलऱ्याचे रुग्ण सापडले. गाळणी असूनही! कॉख यांनी नोंदी काढून पाहिल्या. गाळलेल्या पाण्यातल्या जंतूंचा आकडा आधीच वर गेलेला होता. शोध एका गाळणीपाशी थांबला.

वाळूच्या गाळणीत खरं काम वाळूच्या वर जमणारा चिकट थर करतो. तो तुंबला की खरवडून काढतात आणि नवा थर बसू देतात. ही गाळणी कडाक्याच्या थंडीत साफ केली होती. वाळू गोठली, नवा थर नीट बसला नाही आणि जंतू खाली उतरले.

यावरून कॉख यांनी साधे नियम मांडले. पाणी तासाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने गाळू नये. प्रत्येक गाळणीचं पाणी रोज वेगळं तपासावं. एक मिलिलीटरमध्ये १०० पेक्षा जास्त जंतू असतील, तर ते पाणी लोकांना देऊ नये. यंत्रणा बांधली म्हणजे काम झालं, हा समज इथे मोडला. पाणीपुरवठ्यावर सतत देखरेखीची तरतूद जर्मनीत १९०० च्या साथरोग कायद्यात आली.

कॉख स्वतः चुकले तेव्हा

कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरचा उपाय म्हणून ट्युबरक्युलिन आणलं, तेही त्यात काय आहे हे आधी न सांगता. लोकांनी गर्दी केली. पण इतर डॉक्टरांनी रुग्णांचा पाठपुरावा केला, विर्को यांनी मृतदेह तपासले आणि औषध उपयोगी नसल्याचं, काहींना अपायकारक असल्याचं दिसलं. दुसऱ्याचं पाणी तपासणाऱ्या माणसाचा दावाही दुसऱ्यांनीच तपासला. तेच औषध पुढे क्षयाच्या चाचणीसाठी कामी आलं.

प्लेगच्या अभ्यासासाठी कॉख १८९७ मध्ये मुंबईत येऊन गेले. त्यांना १९०५ मध्ये नोबेल मिळालं आणि २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन इथे त्यांचं निधन झालं.

आपल्या गावात काय बघायचं?

आज भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० आहे. त्यानुसार १०० मिलिलीटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं.

हिरवं कार्ड मिळालं तरी पुढचे प्रश्न विचारा:

• नमुना कुठून घेतला? टाकीजवळ क्लोरीन भरपूर असतं. गावाच्या शेवटच्या नळाचा नमुना खरं सांगतो.

• कधी घेतला? यात्रेच्या आणि पहिल्या पावसाच्या दिवसांत घेतला होता का?

• बाटली निर्जंतुक होती का आणि त्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट होतं का? नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासायला हवा.

• अहवालात आकडे आहेत की नुसतं ‘पिण्यास योग्य’ लिहिलंय?

• तपासणारा आणि पाणी पुरवणारा एकच आहे का? असेल, तर तोच नमुना दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनही तपासून घ्या.

हे विचारणं म्हणजे सरपंचावर किंवा जलसुरक्षकावर अविश्वास नाही. आल्टोनाची गाळणी चालवणारी माणसंही प्रामाणिक होती. बिघाड त्यांना दिसला नाही, आकड्यात मात्र तो आधीच उतरला होता. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल, तेव्हा शेवटचा अहवाल वाचून दाखवायला सांगा.