विश्लेषण : फोन एकाने केला, कारकीर्द दुसऱ्याची संपली! लेगस्पिनर सुभाष गुप्ते भारतासाठी पुन्हा का खेळू शकले नाहीत?

३६ कसोटी, १४९ बळी आणि एका डावात ९ गडी बाद करणारा पहिला भारतीय गोलंदाज. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांची ही कामगिरी. तरीही वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अचानक थांबली. त्यामागे दुखापत नव्हती की खराब फॉर्म नव्हता. दिल्लीतील एका हॉटेलच्या खोलीतून झालेला एक फोन त्याला कारण ठरला, आणि तो फोन गुप्ते यांनी केलाच नव्हता. काय होते हे प्रकरण? क्रिकेटने गुप्ते यांना नंतर माफ केले का? मुळात माफ करण्यासारखे काही होते का? जाणून घेऊया.

सुभाष गुप्ते कोण होते?

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. अंगकाठी लहान, पण चेंडूला प्रचंड फिरकी. लेगब्रेकबरोबरच त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या प्रकारचे गुगली होते. एक ओळखला तरी दुसरा फलंदाजाला चकवायचा. डिसेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कोलकात्यात त्यांनी कसोटी पदार्पण केले. धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही पुढे भारतासाठी लेगस्पिनर म्हणून खेळले.

त्यांचे खरे नाव झाले ते १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात. वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट या त्रिकुटासमोर त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरोल यांच्याशी ओळख झाली आणि पुढे दोघांनी लग्न केले.

त्यानंतर १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात २१ आणि १९५५-५६ मध्ये मायदेशात न्यूझीलंडविरुद्ध ३४ बळी. १९५४-५५ च्याच मोसमात मुंबईत ‘पाकिस्तान सर्व्हिसेस अँड बहावलपूर’ संघाविरुद्ध त्यांनी ७८ धावांत डावातील सर्व १० गडी बाद केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय ठरले.

कानपूरचे नऊ बळी

डिसेंबर १९५८. कानपूरमध्ये समोर वेस्ट इंडिजचा तगडा संघ. गुप्ते यांनी १०२ धावांत ९ गडी टिपले आणि पाहुण्यांचा डाव २२२ धावांत आटोपला. दहाव्या बळीची संधीही आली होती, पण लान्स गिब्ज यांचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला. ती विकेट वसंत रांजणे यांना मिळाली. भारत हा सामना हरला, पण गुप्ते यांची ती गोलंदाजी आजही आठवली जाते. त्या मालिकेत खेळलेले गॅरी सोबर्स यांनी पुढे अनेकदा गुप्ते यांना शेन वॉर्नपेक्षाही वरचे स्थान दिले.

दिल्लीतील हॉटेलमध्ये काय घडले?

१९६१-६२ मध्ये टेड डेक्स्टर यांचा इंग्लंड संघ भारतात आला. कानपूर कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. पुढची कसोटी १३ डिसेंबरपासून दिल्लीत होती. गुप्ते दोनच दिवसांपूर्वी ३२ वर्षांचे झाले होते.

भारतीय संघ इम्पिरियल हॉटेलमध्ये उतरला होता. गुप्ते यांच्या खोलीत मद्रासचे अष्टपैलू ए. जी. कृपाल सिंग होते. कृपाल सिंग यांनी खोलीतून हॉटेलच्या स्वागतकक्षातील महिला कर्मचाऱ्याला फोन केला आणि ड्युटी संपल्यावर भेटण्याबाबत विचारले. त्या कर्मचाऱ्याने संघ व्यवस्थापकांकडे तक्रार केली.

ही तक्रार क्षुल्लक नव्हती. कामावर असलेल्या महिलेला पाहुण्याने असा फोन करणे तेव्हाही गैर होते आणि तिने तक्रार केली हे योग्यच होते. प्रश्न पुढच्या कारवाईचा आहे. फोन कुणी केला, हे स्पष्ट असतानाही मंडळाने खोलीतील दोघांनाही निलंबित केले.

चौकशीत काय झाले?

मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष होते एम. ए. चिदंबरम. गुप्ते यांनी नंतरच्या काळात सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्यांनी फोन केलेला नाही हे चौकशीत कुणी नाकारले नाही. त्यांना विचारण्यात आले ते वेगळेच : तुम्ही त्यांना रोखले का नाही? समोरचा माणूस प्रौढ आहे, अंगापिंडानेही मोठा आहे, त्याला आपण कसे रोखणार, अशी गुप्ते यांची बाजू होती. ती ग्राह्य धरली गेली नाही.

थोडक्यात, त्यांचा दोष एवढाच की ते त्या खोलीत राहत होते.

शिक्षा किती मोठी ठरली?

दिल्लीनंतरच्या दोन्ही कसोटींतून गुप्ते बाहेर राहिले. कोलकाता आणि मद्रासला सलीम दुराणी व चंदू बोर्डे यांच्या फिरकीच्या जोरावर भारत जिंकला आणि इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदाच मालिका खिशात घातली. त्यामुळे गुप्ते यांना परत बोलवा, असा दबाव मंडळावर येण्याचे कारण उरले नाही.

लगेच १९६२ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला. ज्या मैदानांवर गुप्ते यांनी नाव कमावले होते, तिथेच. पण ते संघात नव्हते. भारताने ती मालिका ०-५ अशी गमावली. दिल्ली कसोटी गुप्ते यांची शेवटची ठरली. तेव्हा भारताकडून सर्वाधिक बळींचा विक्रम विनू मांकड यांच्या नावावर होता, १६२. गुप्ते त्यापासून केवळ १३ बळी दूर होते.

कृपाल सिंग यांचे पुढे काय झाले?

इथे हे प्रकरण जास्त बोचते. कृपाल सिंग यांना दुसरी संधी मिळाली. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध ते पुन्हा भारतीय संघात दिसले आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्धही खेळले. त्यांना परत घेणे चुकीचे होते, असे नाही. चूक झाली, शिक्षा भोगली, पुन्हा उभे राहिले, हा खेळातील नेहमीचा प्रवास आहे. पण ज्याने फोन केला त्याच्यासाठी दार उघडले आणि ज्याने केला नाही त्याच्यासाठी ते बंदच राहिले.

याआधीचे उदाहरण लाला अमरनाथ यांचे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातून शिस्तभंगाच्या कारणाने त्यांना पहिल्या कसोटीआधीच घरी पाठवण्यात आले होते. पुढे तेच अमरनाथ स्वतंत्र भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. गुप्ते यांच्या वाट्याला असे पुनरागमन आले नाही.

त्रिनिदादमधील आयुष्य

गुप्ते कुटुंबासह त्रिनिदादला स्थायिक झाले. १९६३-६४ मध्ये ते त्रिनिदादकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळले. एकूण ११५ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर ५३० बळी आहेत. उरलेले आयुष्य त्यांनी त्याच बेटावर काढले. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले.

मग माफी मिळाली का?

२००० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कारासाठी गुप्ते यांची निवड केली. ज्या मंडळाने घरी बसवले, त्याच मंडळाने जवळपास ३९ वर्षांनी सन्मान केला. अनेकांना हीच माफी वाटते. पण जीवनगौरव मिळतो तो कामगिरीसाठी. त्याने जुना निकाल रद्द होत नाही. शिवाय माफी चूक करणाऱ्याला दिली जाते. गुप्ते यांना हवी होती ती निर्दोष असल्याची कबुली, आणि तीही खेळण्याचे वय असताना.

आज असे घडले असते तर?

जानेवारी २०१९ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात महिलांविषयी केलेल्या आक्षेपार्ह वक्तव्यांवरून हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परत बोलावण्यात आले. त्याच महिन्यात निलंबन उठले. एप्रिलमध्ये मंडळाचे लोकपाल डी. के. जैन यांनी दोघांची बाजू ऐकून प्रत्येकी २० लाख रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी दोघेही विश्वचषक खेळले.

ही शिक्षा कमी की जास्त, यावर मतभेद असू शकतात. पण त्यात तीन गोष्टी होत्या : दोष कुणाचा हे ठरले, शिक्षेला मर्यादा होती आणि निर्णय देणारा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांपेक्षा वेगळा होता. १९६१ मध्ये यापैकी एकही गोष्ट गुप्ते यांच्या वाट्याला आली नाही. निलंबन कधी संपणार हेच ठरलेले नव्हते, म्हणून ते कधी संपलेच नाही.