रसेल आजोबा आणि माझा मिक्सिन

मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीला आई 'खिचडी' म्हणते, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मिनी प्रोजेक्टसाठी मी पायथनमध्ये एक मिक्सिन लिहिला. मिक्सिन म्हणजे एकट्याने न वापरता दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा छोटा क्लास, विरजणासारखा! त्यात मी सेल्फ डॉट नेम वापरलं. पण नेम होतं ज्यात तो मिसळायचा त्या क्लासमध्ये. प्रोग्राम मस्त चालत होता. टाइप तपासणारं मायपाय मात्र अडून बसलं, की या मिक्सिनमध्ये नेमच नाही. वैतागून मी शोधायला लागले, हे टाइपचं खूळ काढलं तरी कोणी? आणि पोहोचले थेट बर्ट्रंड रसेलपाशी.

रसेल 18 मे 1872 रोजी वेल्समध्ये जन्मले. चार वर्षांचे व्हायच्या आतच आईवडील गेले, आजीने वाढवलं. अकराव्या वर्षी थोरल्या भावाने युक्लिडची भूमिती शिकवली आणि पोरगा गणिताच्या प्रेमातच पडला. फक्त गृहीतकं मुकाट्याने मानायची, हे काही त्याला पटेना.

1901 मध्ये त्यांना एक कोडं सापडलं. जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक असेल का? हो म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर हो! 1902 मध्ये त्यांनी हे जर्मनीत फ्रेगे यांना कळवलं. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापला जात होता. आयुष्यभराच्या कामाचा पायाच हलला, तरी फ्रेगेंनी चूक मान्य करून पुरवणी जोडली. मला तर वाचून पोटात गोळाच आला.

उपाय म्हणून रसेल यांनी वस्तूंना पायऱ्या, म्हणजे टाइप, दिले. 1908 मध्ये सिद्धांत सविस्तर मांडला. 1910 ते 1913 मध्ये व्हाइटहेड यांच्यासोबत 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चे तीन खंड आले. पुढे 1940 मध्ये चर्च यांनी टाइप लॅम्डा कॅल्क्युलसला जोडले आणि तिथून ते प्रोग्रामिंगमध्ये शिरले.

रसेल नुसते पुस्तकी नव्हते हं! युद्धाला विरोध केला म्हणून 1916 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची नोकरी गेली, 1918 मध्ये तुरुंगवास झाला. 1950 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. 1961 मध्ये, 89 व्या वर्षी, अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनासाठी पुन्हा तुरुंग! 2 फेब्रुवारी 1970 रोजी ते गेले.

आणि माझा मिक्सिन? पायथन 3.8 मध्ये, 2019 साली, प्रोटोकॉल आले. 'नेम असलंच पाहिजे' असा प्रोटोकॉल लिहून मी तो सेल्फचा टाइप म्हणून दिला. मायपाय गप्प! सबमिशनच्या आदल्या रात्री पार्टनरने तोच मिक्सिन नेम नसलेल्या क्लासमध्ये मिसळून वापरला, तेव्हा प्रोग्राम चालवायच्या आधीच चूक पकडली गेली.

माझं गृहीतक माझ्या डोक्यातच होतं, कागदावर नव्हतं. ते उघड मांडायला लावणाऱ्या रसेल आजोबांना थँक्यू!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी