हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (जन्म : पारोळे, खानदेश, ८ मार्च १८६४, मृत्यू : पुणे, ३ मार्च १९१९) हे मराठी कादंबरीकार व संपादक होते. आधुनिक मराठी कादंबरीचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण

मुंबईत बालपण घालवून ते १८७८ साली पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, आगरकर व टिळक यांच्यासारखे शिक्षक लाभले. पुढे आगरकरांच्याच ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरावर त्यांनी विद्यार्थिदशेत प्रदीर्घ टीकालेख लिहिला. गणितामुळे मात्र पदवी हुकली.

अद्भुताकडून वास्तवाकडे

आपट्यांपूर्वीच्या मराठी कादंबरीवर ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांची छाप होती. बालविवाहाच्या रूढीमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असे ‘मंजुघोषा’कार रिसबूड यांनी प्रस्तावनेत सुचविले होते. आपट्यांनी नेमका तोच बालविवाह कादंबरीचा विषय केला. इंग्रजीत जेन ऑस्टिन यांनी ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये भयरम्य कादंबऱ्यांच्या नादी लागलेल्या मुलीची सौम्य थट्टा केली, आपट्यांनी थट्टा न करता अद्भुताची वाटच सोडली. अर्थात पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) त्यांनी रेनॉल्ड्सच्या सनसनाटी इंग्रजी कादंबरीच्या आधारे रचली होती, हेही नोंदवले पाहिजे.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले व त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू ही ब्राह्मण घरातील मुलगी बालपणापासूनची आपली हकीकत स्वतः सांगते: लग्न, सासर, सुधारक वृत्तीच्या पतीबरोबर मुंबईत लाभलेले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. तिच्या आयुष्यात राक्षस किंवा जादूगार नाहीत. तिला छळणारी माणसे घरातलीच आहेत. स्त्रीच्या बोलीतील हे साधे निवेदन त्या काळी नवे होते, आणि आजही कादंबरीचे बळ त्यातच आहे.

उत्तरायुष्य

‘मी’ नंतर ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ इत्यादी ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांपैकी ‘उषःकाल’मध्ये वेषांतरे व भुयारे पुन्हा दिसतात, अद्भुताची ओढ लेखकाला पुरती सुटली नव्हती. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन ते पाहत. १९१२ साली अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.