रंग हुकले, यंत्र गवसलं

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

बारावीनंतर मला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची एक चकती समोर धरली. सगळ्यांना तिच्यात ७४ दिसतात, मला २१ दिसले. लाल-हिरव्यातला फरक आपल्याला नीट कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. जहाज गेलं आणि मेकॅनिकल गळ्यात पडलं. पहिली दोन वर्षं मी नुसती ढकलली, खोटं कशाला बोलू?

गेल्या मे महिन्यात चारकोपला घरी गेलो, तर आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप घरघरत होता. बिल्डिंगमध्ये होणारा इंजिनियर आहे म्हटल्यावर सेक्रेटरी काकांनी मलाच बोलावलं. मी रुबाबात सांगितलं की बेअरिंग कोरडं पडलंय, ग्रीस भरा. भरलं, तेही ठासून. आवाज जरा दबला आणि बाराव्या दिवशी शाफ्ट तुटला! दोन दिवस अख्खी बिल्डिंग टँकरवर. चौथ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन जिना चढत होत्या, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं.

मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून एक फिटर काका आले. त्यांनी तुटलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा. फक्त शेवटचा थोडासा भाग खडबडीत. म्हणजे शाफ्ट एका दिवसात तुटला नव्हता. जिथे त्याची जाडी एकदम बदलते त्या टोकदार कोपऱ्यात बारीक तडा सुरू झाला होता. मोटर रिवाइंड करून परत बसवताना ती पंपाच्या रेषेत आलीच नव्हती. त्यामुळे शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत होता. मिनिटाला १४५० फेरे आणि रोज तीन तास धरले, तर चाळीस दिवसांत एक कोटीच्या वर! घरघर हा त्याचाच इशारा होता. माझ्या ग्रीसने आवाज दबला, तडा वाढतच राहिला. शिवाय जास्त ग्रीस घुसळलं जाऊन बेअरिंग तापलं ते वेगळंच.

काका मूळचे सांगलीकडचे, पलूसचे. मी त्यांना माझ्या डोळ्यांची रडकथा सांगितली. ते हसले आणि म्हणाले की आमच्या शेजारी माळरानावर ज्यांनी कारखाना उभा केला, त्यांनाही रंग नीट कळत नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्कर! मला हे आडनाव फक्त पंपावरच्या पाटीमुळे माहीत होतं. कॉलेजला परतल्यावर लायब्ररीत जाऊन त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे पंडित, पण मुलाला ओढ चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये थोरले बंधू रामूअण्णांच्या आधाराने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. दोन वर्षं चित्रकला शिकल्यावर कळलं की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे शिक्षक झाले. वर्ग संपला की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये रमायचे. यंत्रं ते तिथेच हाताने शिकले.

गंमत बघा, आपण परीक्षेसाठी पाठ करतो ती बेअरिंगची थिअरी तेव्हा नवी कोरी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर यांना दिसलं की फिरत्या शाफ्टखालचं तेल इतका दाब धरतं की भोकाला लावलेलं लाकडी बूचही बाहेर ढकलतं. धातूला धातू न टेकता शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं.

पुढे प्रमोशनची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती मिळाली. ते नोकरी सोडून बेळगावला गेले. तिथे दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं. मग कडबा कापायची यंत्रं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यातच नगरपालिकेला वस्तीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना उठवायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज त्यांनी दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. तिथे अस्पृश्यता पाळायला बंदी होती. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. १९२६ मध्ये याच वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. मोट ओढणाऱ्या बैलांच्या जागी फिरणारा शाफ्ट आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, पण वाडी आजही आहे.

मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू? त्यांनी आपली उणीव लपवली नाही की कुरवाळत बसले नाहीत. काय गेलं हे पाहिलं आणि जे उरलं त्यावर काम सुरू केलं. मी मात्र दोन वर्षं माझ्या घरघरीवर नुसतं ग्रीस भरत होतो.

असो. काकांनी नवा शाफ्ट लेथवर केला, तेव्हा कोपऱ्याला मुद्दाम गोलाई दिली. कपलिंगवर पट्टी धरून मोटर रेषेत आणायला मी मदत केली. मग त्यांनी मला स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावायला शिकवलं. सलग, बारीक गुणगुण आली की यंत्र ठीक. खरखर आली की थांबायचं, उघडून बघायचं. त्यासाठी लाल-हिरवं कळावं लागत नाही!

आता सुट्टीत घरी गेलो की मी आधी पंपाला कान लावतो, मग वर घरी जातो. आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी? त्या आता मला चहाला बोलावतात.